मद्रासला न आलेली बोट

रेवा, तन्मय,

शाळेच्या अभ्यास सहलीचा मार्ग ऐनवेळी बदलला, तेव्हा रेवा, तू मला फोन करून विचारणार होतीस आणि तुझी आई ओरडली, "स्वतः ठरव. आजीला विचारू नकोस." एवढे चिडण्यासारखे त्यात काय होते, असे तू लिहिले आहेस. तिचे बरोबर होते. कारण मात्र ती तुम्हाला सांगणार नाही, आणि आजोबा आता नाहीत. म्हणून मीच लिहिते आहे.

तुमची आई १९९९च्या ऑगस्टमध्ये गोंदिया स्टेशनवरून गेली. बोदलकशाच्या तलावावर मासेमारांच्या डोंग्यात बसून माशांची चित्रे काढणारी आमची वंदना अमेरिकेत मत्स्यशास्त्र शिकायला निघाली होती. मी तिच्या हातात सूचनांचा कागद दिला. कोणती कागदपत्रे कोणत्या कप्प्यात, कोणत्या विमानतळावर किती वेळ, सगळे सुवाच्य अक्षरांत. शिक्षण पूर्ण होईपर्यंत मध्ये यायचे नाही, हेही त्यात होते. आजोबांनी कागद वगैरे काही दिला नाही. ते म्हणाले, "आपले लोक कधीकाळी माळव्यातून इकडं आले, परत कोन गेलं?" आणि हसले. गाडी गेल्यावर बराच वेळ रुळांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मजाक केली होती वं मी."

दुसऱ्या वर्षी तिला एक सत्र बोटीवर शिकायची संधी मिळाली. बोट देशोदेशींच्या बंदरांत थांबत जाणार, आणि जानेवारीत मद्रासला दोन दिवस. तिचा ई-मेल मी तिरोड्याहून गोंदियाला जाऊन वाचला, छापून घेतला आणि घरी आणला.

त्याच हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी आजोबांना काचबिंदू असल्याचे सांगितले. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेली वेगाने जात होती. आजोबा बाहेर येऊन पायरीवर बसले. "मंग पोरगी पाहून घेतो," ते म्हणाले. "बाकीचं पाह्यलेलंच हाये."

वंदनाला हे कळवायचे नाही, असे मी ठरवले. शेवटची परीक्षा होईपर्यंत तिचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून. आजोबांनाही तसे बजावले.

मग मी बेत आखला. गाडी, बंदराजवळचा लॉज, लॉजचा फोन नंबर, सगळे तिला पाठवले. आजोबांनी फक्त सुवासिक चिन्नोर तांदळाची पिशवी बांधली.

"बोटीवर ती भात कुठे शिजवणार?" मी म्हटले.

"वास तं घेईन पोरगी."

आम्ही एक दिवस आधी पोचलो. बोट यायच्या दिवशी आजोबा सकाळीच अंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून लॉजच्या काउंटरसमोरच्या बाकावर बसले. आठच्या सुमारास मॅनेजरने मला फोनवर बोलावले.

"आई, आम्ही कोलंबोत अडकलोय. इंजिन बिघडलं. मद्रास रद्द झालं." मग एका दमात, "पण मी विमानाने येऊ शकते. सर म्हणतात, ज्याला जायचं त्याने जावं. इथली टूर बुडेल, दोन दिवसांची गैरहजेरी लागेल, बस. येऊ का?"

"स्कॉलरशिपला काही होणार नाही ना?"

"बहुतेक नाही."

या 'बहुतेक'वर मी वर्गातल्या मुलींचे रजेचे अर्ज परत केलेले आहेत. सव्वीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आणि एकदाही उशिरा गेले नाही, याचा मला अभिमान होता. "नको," मी म्हटले. "गटाबरोबरच राहा. तू तिथे शिकायला गेली आहेस."

ती म्हणाली, "बाबांना दे ना."

आजोबा चार पावलांवर होते. माझ्याकडेच पाहत होते. त्यांच्या हातात फोन दिला असता तर ते 'ये' म्हणाले असते. मी म्हटले, "ते बाहेर गेलेत."

"बरं आई," ती म्हणाली. आम्ही तिला तसेच वाढवले होते.

आजोबांना मी सांगितले की बोट येत नाही आणि तिलाही येता येत नाही. "बरं," ते म्हणाले. तरीही बंदरापर्यंत चालत आले. कुंपणाच्या जाळीला बोटे अडकवून उभे राहिले आणि विचारत राहिले, "यातली कोनती मोठी हाये?" तांदूळ आम्ही लॉजच्या आचाऱ्याला देऊन आलो.

वंदना पुढच्या वर्षी पदवी घेऊन आली. आजोबा अंगणात बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोन?" आजोबांनी विचारले.

तिला थट्टा वाटली. "ओळखा पाहू," ती म्हणाली. आवाजावरून त्यांना कळले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि ती माझ्याकडे पाहू लागली.

त्या दुपारी सगळे काही उघड झाले. "मी विचारलं होतं, आई," ती म्हणाली. "डोळ्यांचं सांगितलं असतंस तर मी विचारत बसले नसते." आजोबांना ती येऊ शकत होती हे तेव्हा पहिल्यांदा कळले. ते रागावले नाहीत. "मले पोरगी पाहाची होती," ते म्हणाले, "अन् तू तिची हजेरी घेऊन राहिली होती." हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काढला असता तर मला सोपे गेले असते.

त्यानंतर वंदनाने मला काही विचारलेले नाही. तिकडेच नोकरी धरली, ते कळवले. लग्न ठरले, ते कळवले. तुम्हा दोघांची नावे कळवली. 'येऊ का' असे ती म्हणत नाही. 'अमुक तारखेला येते' असे सांगते, आणि त्या तारखेला येते. घर म्हणजे जिथे यायला विचारावे लागत नाही ती जागा, असे मी मुलींना निबंधात लिहायला सांगत असे. माझ्या मुलीने विचारले होते, आणि मी नाही म्हटले.

आजोबा गेले तेव्हा ती तेरा दिवस राहिली. भिंतींना रंग लावून घेतला, आजोबांचे कपडे गरजूंना दिले. माझ्याशी कामापुरते बोलली.

आता उरले आहे ते एवढे. शेत विकलेले नाही, बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, अजून धान लागते. आणि वंदना आली की माझ्या हातचे जेवते.