भोंग्यातून आलेली आत्या

माझ्या लग्नात भोंगा येणार हे कळलं तेव्हा मी हरखून गेले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटायचं की म्हातारी नव्याच्या नावानं बोटं मोडायला बसली आहे.

देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मूल शहराजवळच्या आमच्या धानाच्या गावात तोवर एकाही लग्नात भोंगा वाजला नव्हता. माझा नवरदेव माजरीच्या कोळशाच्या खाणीत नोकरीला होता आणि त्याच्या बापाला आमच्या गावावर छाप पाडायची होती. त्यांनी चांद्याहून मशीनवाला आणला. एक पेटी, मोटारीची बॅटरी, सिनेमाच्या गाण्यांचे चार तवे, म्हणजे रेकॉर्डी, आणि हा एवढा मोठा कर्णा. कर्णा मांडवाजवळच्या मोहाच्या झाडाला बांधला आणि गाणं सुरू झालं. कुत्री पळाली, बैलांनी दावी ताणली, आणि सगळं गाव मोहाखाली येऊन माना वर करून उभं राहिलं. एका तव्याच्या सुरुवातीला बासरी होती. मशीनवाल्याचा तो लाडका असावा, कारण फिरून फिरून तोच लागायचा.

आता आत्याचं सांगते. ती माझ्या वडिलांची बहीण. कमी वयात विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याच घरी राहिली. माझी आई मला लहान ठेवून वारली, त्यामुळे माझी वेणीफणी, दुखणीखुपणी, हट्ट, सगळं आत्यानंच पाहिलं. पण विधवेचा हात हळदीला चालत नव्हता आणि मांडवात तिनं पाय ठेवायचा नव्हता. गाणं मात्र तिच्यासारखं पंचक्रोशीत कोणाला येत नव्हतं. मग गावानं सोय काढली होती. आत्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, भिंतीआड बसून गाणं उचलायची आणि मांडवातल्या बाया तिच्यामागून म्हणायच्या. हात चालत नव्हता, आवाज चालत होता. आमचे लोक हुशार, फुकटचं काही वाया घालवत नाहीत.

त्या गाण्यांत एकेका नात्याला घ्यायची रीत होती. काका, मावशी, मोठा भाऊ, ज्याला गाण्यात घेतलं तो लग्नाला आला असं समजायचं. मामाचा मान तर फारच. त्याची गाडी शिवेवर दिसली की त्याचं गाणं सुरू व्हायचं, ते ऐकत तो यायचा, आणि मगच मांडवात शिरून भाचीला बाहेर आणायचा.

हळदीच्या दिवशी भोंगा सकाळपासून लागला होता. बाया मला हळद लावत होत्या, पण लक्ष सगळ्यांचं मोहाकडे. नंतर आंघोळीला मला सांदवाडीत नेलं, तर आत्या भिंतीला टेकून गप्प बसलेली.

‘काऊन वं आत्या, गाणं म्हणून नाई राह्यली?’ मी विचारलं.

‘म्हणून पाह्यलं, बाई. माझाच आवाज मले ऐकू येऊन नाई राह्यला,’ ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, ‘माझं एवढंच होतं वं तुह्या लग्नात.’

भोंग्याचं सगळं कौतुक तिथंच आटलं. पण नवरी बोलणार कोणाला? बाबांना आत बोलावून सांगितलं, तर ते म्हणाले, ‘सोयऱ्यायचा भोंगा आहे, तो बंद करा कसा म्हणू? तू गप राह्य.’

दुसऱ्या दिवशी लग्न गोरज मुहूर्तावर होतं. ऊन उतरता उतरता मामाची गाडी आली. भोंग्यापुढे ना बैलांचे घुंगरू कोणाला ऐकू आले, ना कोणी गाणं म्हटलं. मामा गाडीतून उतरला आणि मांडवाबाहेर गाडीच्या जुवावरच बसला. बाबा हात जोडून गेले.

‘मले कोणी घेतलंच नाई, तं मी येऊ कसा?’ मामा म्हणाला. ‘त्या भोंग्याले सांगा, मामाले घे म्हना.’

माझे सासरे खरंच मशीनवाल्याकडे गेले. ‘काऊन बे, तुह्यापाशी मामाचा तवा नाई का?’

‘मामाचा तवा निघत नाई, भाऊ,’ तो म्हणाला. ‘पन माईक आहे. गानारी बाई आना.’

बाबा सांदवाडीकडे धावले. आत्या म्हणाली, मी इथूनच म्हणते, ते यंत्र इकडे आणा. पण माईकची तार सांदवाडीपर्यंत पुरेना. मशीनवाला परका माणूस, त्याला कशाची खबर! तो मांडवातून सरळ ओरडला, ‘बाईले इथीच यावं लागन!’

बाबांनी सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी भटजींकडे, आणि भटजींनी बुडत्या सूर्याकडे. या म्हणून कोणी म्हणालं नाही, पण नको म्हणायलाही कोणी धजलं नाही.

मी आतल्या खोलीच्या झरोक्यातून पाहत होते. आत्या पदर डोक्यावरून घट्ट ओढून आली आणि मांडवात, पेटीशेजारी बसली. तिनं सुरुवात केली:

‘मूलच्या वाटेनं मामा आला,
संगं भाचीले शालू आणला.’

तिचा आवाज मोहाच्या झाडातून आला. ती दचकून थांबली, वर पाहिलं, आणि मग अशी काही सुटली की बस. मामा डोळे पुसत उठला. काका आले, मावशी आली, नवरदेवाचा बाप आला, शेवटी तिनं भोंगेवाल्या भाऊलाही घेतलं तेव्हा मांडव हसला. मी मात्र आत्याच्या ओळीची वाट पाहत होते. गाणारीनं स्वतःला घ्यायचं नसतं, ते दुसऱ्या कोणी घ्यायचं असतं. पण गाणं उचलणारी तीच एक होती, बाकीच्या नुसत्या मागून म्हणणाऱ्या. तिनं माईक खाली ठेवला, मशीनवाल्यानं बासरीचा तवा लावला आणि मामा मला न्यायला आत आला.

सिनेमाच्या गाण्यांना मी नावं ठेवणार नाही. माजरीला खाणीच्या वस्तीत माझी एक शेजारीण तेलुगू बोलायची, दुसरी बिहारची. पहिली काही वर्षं आम्ही तिघी एकमेकींशी बोललो ते त्याच गाण्यांतून. नळावर एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं पुढची जोडायची. त्या गाण्यांशिवाय त्या काळ्या धुळीत मी रडून रडून मेले असते. ती गाणी मला आजही अथपासून इतिपर्यंत येतात. आत्याच्या गाण्यांतली मात्र मामाची ती एक ओळ उरली. आत्या वारली तेव्हा माझ्या पदरात तान्हं मूल होतं, मला जाता आलं नाही.

मागच्या वर्षी नातीचं लग्न ठरलं. गाणी मोबाईलमधून वाजणार होती, कुठल्या तरी बाईच्या गोड आवाजातली, आमच्यातल्या एकाही नात्याला न ओळखणारी. त्या दिवसांत मी आत्याची ओळ रचली. इतक्या वर्षांनी का होईना, तिला घ्यावं म्हणून.

‘भिंतीच्या आडून आत्या आली,
माह्या मांडवी येऊन बसली.’

शब्द जुळले. चाल मात्र तिची लागेना. मामाची ओळ म्हणून पाहिली, तर तिचीही चाल कधीच निसटलेली, नुसते शब्द राहिलेले. तोंडी येते ती त्या बासरीच्या तव्याची चाल. मी तशीच म्हणते. आत्याला घ्यायला मला दुसरी चाल येत नाही.