पोचल्यावर मिस कॉल

आटपाडीच्या बाजारपेठेत नानासोंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग नानासोंनी करायचं आणि एडिटिंगची कापाकापी साताऱ्यात अनीशनं, ही वाटणी जुनी. पेनड्राइव्ह एसटीच्या कंडक्टरबरोबर जायचा. पोचला की अनीशचा मिस कॉल यायचा, आणि मगच नानासो कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या लग्नाला मोकळे व्हायचे.

सांगलीत इंजिनिअरिंग शिकणारी पुतणी समीक्षा त्यांच्यासाठी इंटरनेटवरून फाइल पाठवायचा प्रोग्रॅम लिहू लागली. आधी तिनं रीतसर विचारलं, "काका, तुमाला त्यात काय काय पायजे?"

"पोचल्यावर मिस कॉल."

"आवं, स्क्रीनवर हिरवी खूण येईल की."

"ती वाजती का?"

समीक्षा हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

मग शेंडग्यांच्या लेकीचं लग्न आलं. नवरा साताऱ्याचा. 'पूजेला फिल्म दाखवतो,' असा शब्द नानासोंनी भर मांडवात देऊन टाकलेला. दुसऱ्या दिवशी पूजा, म्हणून दुपारीच समीक्षाच्या नव्या प्रोग्रॅमवर फाइली पाठवायला लावून ते चहाला गेले. कप अर्धा झाला तोच खिशात फोन वाजून थांबला. अनीश! नानासोंनी येऊन कार्ड पुसलं, संगणकातलंही पुसलं. संध्याकाळी दुसरं लग्न होतं ना.

फोन पुन्हा वाजला. मिस कॉल कुणी उचलतं का? पण तो थांबेचना, तेव्हा नाइलाजानं उचलला.

"नाना, मघाशीपण लावला होता. हळद आलीय, पण लग्न कुठाय?"

नानासोंच्या डोळ्यांपुढं शेंडग्यांचा अख्खा मांडव उभा राहिला. त्यांनी समीक्षाला फोन लावला.

"पोरी, मी लगीनच पुसलं गं."

"नेट गेलं असंल. वायर हलवून बघा."

वायर हलवली. पडद्यावरची पट्टी हळदीपासून पुढं सरकू लागली. समीक्षानं सांगितलं, प्रोग्रॅमनं आधीच संगणकात आपली वेगळी एक प्रत ठेवली होती; सगळं पोचल्याशिवाय ती पुसली जाणार नव्हती.

"म्हंजे तुझा माझ्यावर इस्वास न्हवता."

"न्हवता. पावणं पंगतीत बसलं असताना ताटं उचलणारं माणूस तुमी."

फिल्म पूजेला लागली. आता सगळं पोचलं की प्रोग्रॅमच नानासोंना मिस कॉल देतो. तो वाजून थांबला की नानासो कार्डाला हात लावायच्या आधी अनीशला फोन करतात.

"आरं, मिस कॉल आला. खरंच पोचलं न्हवं?"