घोट्याखालची करडी रेघ

रिटायर झाल्यावर बाबा बोलके झाले, असंच आम्ही सगळे समजत होतो. चांदूर रेल्वेला आमच्या घरापासून विहारापर्यंतचा रस्ता हाकेच्या अंतराचा, पण बाबांना त्याला अर्धा तास लागायला लागला. एका दारात उभं राहून ‘जय भीम’ करायचा, कोणाच्या सुनेची, कोणाच्या बकरीची चौकशी करायची, आणि पुढच्या दारात पुन्हा तेच. जन्मभर हा माणूस रेल्वेत की-मॅन होता. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज मैलोन्‌मैल लाइन चालायची, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या, हे त्यांचं काम. रुळांवर बोलायला कोण असणार? घरीही ते मोजकंच बोलत. म्हणून मायला हसू यायचं.

“आता लय बोलाले लागला तुया बाप,” ती म्हणायची. “नोकरीतलं सारं बोलनं शिल्लक रायलं होतं वाट्टे.”

मीही हसले. मी अकोल्याला एका खाजगी दवाखान्यात टेक्निशियन आहे, आणि पायांच्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे काढणं हेच माझं काम. चालताना पोटरी भरून येते, उभं राहिलं की बरं वाटतं, चाललं की पुन्हा दुखतं, हे मी पेशंटच्या तोंडून आठवड्यातून कितीदा तरी ऐकते. बाबा बोलण्यासाठी उभे राहत नव्हते. उभं राहता यावं म्हणून बोलत होते. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही, याची मला आजही चीड येते.

पुढे उजव्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला. साखर होतीच. जखम महिने महिने भरेना, अंगठा काळा पडला, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की पायात रक्तच उतरत नाही, आधी अँजिओग्राफी करा. मी म्हटलं, आमच्याकडे आणा, मी आहे ना. माय त्यांना पॅसेंजरने घेऊन आली. अकोल्याच्या फलाटावरून ऑटोपर्यंत येताना बाबा तीनदा थांबले, आणि तिन्ही वेळा अनोळखी माणसाला गाडीची वेळ विचारली. त्या दिवशी मला सगळं समजलं.

आमचं काम थोडक्यात असं. जांघेतून बारीक नळी घालून पायाच्या रक्तवाहिनीत औषध सोडतात, त्याला आम्ही डाय म्हणतो. डाय सोडण्याआधी पायाचा एक साधा फोटो घ्यायचा. सोडल्यावर भराभर फोटो घेत राहायचे, आणि मशीन तो पहिला फोटो पुढच्या प्रत्येक फोटोतून वजा करतं. हाडंबिडं सगळी पुसली जातात आणि पडद्यावर फक्त रक्ताचा रस्ता उरतो. मध्ये पाय जरासा हलला तरी सगळं फिसकटतं. म्हणून पाय बांधण्याला महत्त्व. टाचेखाली मऊ घडी, दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या, पंज्यावरून पट्टी. हे माझ्याइतकं नीट कोणालाच जमत नाही, असं मला वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायची.

“आज दुसऱ्या कोणाला उभं करू का?” अँजिओग्राफी करणाऱ्या आमच्या डॉक्टर सरांनी विचारलं. “वडील आहेत तुमचे.”

“नाही सर, मीच करते.” ही माझी मिजास.

मी पट्टी आवळत होते तेव्हा बाबा म्हणाले, “बांध, बांध. पयून नाई जात मी.” मी त्यांना म्हटलं, थोडं गरम लागेल. आम्ही सगळ्यांना हेच सांगायचो. रक्ताविना उपाशी असलेल्या पायात डाय गेला की आग होते, हे मला माहीत होतं. पण पेशंट घाबरू नये म्हणून ‘थोडं गरम’ म्हणायची पद्धत पडली होती.

सर आणि मी काचेमागे आलो. बटण माझ्या हातात. ते दाबून धरलं आहे तोवर फोटो निघत राहतात, सोडलं की बंद. डाय मांडीतून उतरला, गुडघ्यापाशी अडला, मग बाजूच्या बारीक बारीक फाट्यांतून वाट काढत पोटरीत आला. रोगट पायात तो फार सावकाश उतरतो. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

“बाई व! जयून रायला माया पाय!”

आणि माझा अंगठा उचलला गेला.

“खाली काही दिसलं का?” सरांनी विचारलं. त्यांची नजर गुडघ्यातल्या अडथळ्यावर होती.

“नाही सर. घोट्याखाली काहीच उतरलं नाही.”

पडद्यावर जे होतं ते मी सांगितलं. बटण लवकर सुटलं, हे सांगितलं नाही. बाबांच्या किडन्या साखरेने आधीच नाजूक झालेल्या, त्यामुळे डाय अगदी मोजून ठरवला होता आणि तो संपला होता. मी बोलले असते तर सरांनी आणखी थोडा देण्याचा धोका पत्करला असता की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना ती संधीच दिली नाही. घोट्याखाली रक्तवाहिनीच दिसत नाही म्हटल्यावर वरचं रक्त खाली कुठे जोडून देणार? ऑपरेशन होण्यासारखं नाही असं ठरलं. जखम वर चढत होती. पंधरा दिवसांत बाबांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला.

घरी आल्यावर बाबा पुन्हा मोजकं बोलू लागले. दारात खुर्ची टाकून बसत. आता लोकच त्यांच्यापाशी येऊन उभे राहत आणि ते हं, हो करत.

वर्षभराने दवाखान्यात मशीनची मेमरी भरली, जुन्या तपासण्या काढून टाकायच्या होत्या. यादीत बाबांचं नाव आलं. मी उघडायला नको होतं, पण उघडलं. एकेक फोटो पुढे सरकवत शेवटच्यावर आले. घोट्याच्या जरा खाली एक करडी रेघ होती. अगदी पुसट, अर्धवट. मी पडदा पुसला. रेघ पडद्यावरची नव्हती.

सरांना दाखवलं आणि त्या दिवशीचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटचे फोटो मागेपुढे करून पाहिले. “पाय वाचला असता, नसताही वाचला. जखम फार पुढे गेली होती,” ते म्हणाले. “हे आता कोणीच सांगू शकणार नाही.” मी बाथरूममध्ये जाऊन ओक्साबोक्शी रडले. मग तोंड धुऊन पुढच्या पेशंटचा पाय बांधला.

तेव्हापासून माझी रीत बदलली. तपासणीआधी थंड पंजा गरम कपड्यात गुंडाळून ठेवते, रस्ते जरा मोकळे होतात. आधी चमचाभर डाय सोडायला लावून तो गुडघ्यापर्यंत यायला किती वेळ घेतो ते पाहते, आणि मोठ्या वेळेला त्या हिशेबाने वाट पाहते. सर ‘सोडा’ म्हणेपर्यंत बटण सोडत नाही. आणि खरं सांगते. फुलं विकणारी एक म्हातारी आली होती, तिला म्हटलं, “आजी, आग होईन. लय होईन. वरडा, मले शिव्या द्या, पन पाय हालवू नोका.” तिने खरंच शिव्या दिल्या, माझ्या खानदानाला पुरतील इतक्या. मी बटण धरून राहिले. पडदा रिकामाच, रिकामाच, आणि मग घोट्याखाली एक रेघ उतरली आणि पंज्यापर्यंत गेली. सरांनी तिथे रक्त जोडून दिलं. म्हातारीची दोन बोटं गेली, पाय राहिला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला तिचा राग आला. स्वतःच्या पायांनी वॉर्डात फिरणाऱ्या त्या म्हातारीकडे माझ्याने बघवेना. त्याच रविवारी मी लॅपटॉप घेऊन चांदूरला गेले. माय वंदनेला विहारात गेली होती. मी बाबांसमोर तो शेवटचा फोटो उघडला.

त्यांनी चष्मा लावला. रुळाचा सांधा तपासावा तसं वरून खालपर्यंत सावकाश पाहत आले आणि बोट बरोबर त्या रेघेवर ठेवलं.

“हे काय होय?”

“रक्त होय, बाबा. तुमच्या पायात उतरून रायलं होतं. मी बटन आंधीच सोडलं.”

“कावून सोडलं?”

“तुमी वरडले म्हनून.”

त्यांचं बोट तिथेच होतं. नोकरीत असताना त्यांच्या मनात एखाद्या चावीची शंका राहिली तर ते अर्ध्या वाटेतून मागे जाऊन ती पुन्हा ठोकून पाहत, मग घरी यायला कितीही उशीर होवो. हे ते मलाच लहानपणी सांगत.

“मंग गाडी तं येऊन रायली होती,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

फाटकाची कडी वाजली. बाबांनी स्वतःच्या हाताने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे सरकवला.

“मायले सांगू नोको,” ते हळूच म्हणाले. “तिलेच उचला लागते मले.”

माय आत आली. “काय चालू हाय बापलेकीचं?”

“काई नाई. थे तिच्या दवाखान्याचं सांगून रायली.”

मायने पदर खोचला, त्यांच्या काखेत हात घातले आणि खुर्चीतून खाटेवर घेतलं. मी त्यांचा डावा पाय धरला.