काडीवरचं डुकराचं मटण

चाकणच्या एका कारखान्यात तपासणीचं काम करणाऱ्या आम्रपालीला कंपनीनं महिनाभर थायलंडला शिकायला धाडलं होतं. तिथल्या कारखान्याच्या गेटबाहेर एक बाई बांबूच्या काड्यांना खोचलेलं डुकराचं मटण निखाऱ्यावर भाजायची. आम्रपाली रोज ते खायची, पण नाव विचारायचं राहूनच गेलं.

रहाटणीला परतल्यावर तिनं तेच घरी करायचा ध्यास घेतला. मोबाइलवर फोटो धुंडाळून 'मू पिंग' हे नाव तरी सापडलं. पण मटण एकदा करपलं, एकदा चिवट झालं. मसाल्यात वाटायला भाजीवाल्याकडं कोथिंबिरीची मुळं मागितली, तर तो हसला. नारळाचं दूध लावलं, माशाचा सॉस मागवला, गच्चीत शेगडी पेटवली. तरी ती चव काही येईना.

"झकास झालंय की गं," सासूबाई, जाईबाई, खाता खाता म्हणाल्या.

"नाही झालं, आई! काहीतरी राहतंय."

"काय राहतंय?"

घरात ती चव दुसऱ्या कुणी चाखलीच नव्हती. मग चुकलं कुठं, हे विचारायचं तरी कुणाला? आम्रपालीनं चिडून शेगडीत पाणी ओतलं. जाईबाईंनी मात्र आणखी एक काडी उचलली.