तुळशीदासने वाटलेले कॅन

सूर्यमाळच्या पाड्याने तुळशीदासकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते तो जीपच्या टपावरून निळे कॅन उतरवत होता तेव्हा. एरवी हा माणूस सुट्टीत घरी कधी आला, कधी गेला, कोणाला पत्ता नसे. घाटापलीकडे लष्कराच्या एका डेपोत तो आगीच्या बंबावर कंत्राटी मजूर होता. आग विझवायचा जुना फेस तिथे बाद झाला होता, नवा आला होता. जुन्याच्या रिकाम्या कॅनना भोकं पाडून ते वेगळे ठेवायचे, असा हुकूम होता. पण हंडाभर पाण्यासाठी दरी उतरणाऱ्या बायका त्याच्या डोळ्यांसमोर येत, आणि हात काही उचलेना. मुकादमाची नजर चुकवून त्याने कॅन बाजूला काढले, साबणाने घासले, उन्हात वाळवले आणि पाड्यावर घरोघर वाटले.

"आमचा तुळशा लष्करात हाय," पाड्यावरची गोदीकाकी आल्यागेल्याला सांगू लागली. तो नुसता लाजून हसायचा. आपण मजूर आहोत, हे सांगायचं राहूनच जायचं.

पुढे एकदा डेपोतल्या हवालदाराने फेस का बदलला ते समजावलं. जुन्यातलं विष पाण्यात, मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं, माणसाच्या अंगात साठतं. कॅन कितीही धुतला तरी भरवसा नाही. तुळशीदासला पुढचं काही ऐकू आलं नाही. गोदीकाकीची सून पोटुशी होती.

तो पाड्यावर आला, पण खरं तोंडातून निघेना. "साहेबांनी कॅन परत मागवलेत," एवढंच म्हणाला. झालं उलटंच. बायकांनी कॅन माळ्यावर, गवताखाली दडवले.

"दिलेलं परत नेतोस का रं? सांग तुझ्या साहेबाला, काकीनं कॅन गिळला," गोदीकाकी म्हणाली. बायका हसल्या. सून दडवलेल्या कॅनमधूनच तांब्यात पाणी ओतत होती.

तुळशीदासने पुढे होऊन तांब्यावर हात ठेवला.

"नको पिऊ. काकी, यात विषारी औषध होतं. मला भोकं पाडायला सांगितली होती. मी पाडली नाहीत."

"आणि आम्ही गावभर तुझं नाव घेत फिरलो," गोदीकाकी हळूच म्हणाली. मग एकेका घरातून कॅन निघाले. बायका ते त्याच्या हातात न देता समोर जमिनीवर ठेवत गेल्या.

सगळे कॅन त्याने डेपोत परत नेले आणि हवालदाराला खरं सांगितलं. सुनेला मुलगी झाली. पोर चांगलं आहे, तरी काकी तिला दर महिन्याला दवाखान्यात दाखवून आणते.

तुळशीदास हल्ली सुट्टीत पाड्यावर येत नाही, जव्हारला बहिणीकडे उतरतो. पाड्यावर राहणारी त्याची बायको पोशी त्याला भेटायला तिथे जाते.