आवाज कुठे उतरतो

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी इंदिरानगरच्या केबलवाल्या बापूंचं नाव घेतो. त्यांचं खरं नाव बहुतेक ग्राहकांना ठाऊक नव्हतं. पावतीवरही ‘बापू केबल’ एवढंच छापलेलं असे. बापू रोजचं वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचत, पण व्यवहाराचा कागद मात्र स्वतः कधीच वाचत नसत. कागद घेऊन जो आला असेल, त्याच्याच हातात तो परत देत, डोळे मिटत आणि म्हणत, “वाचा.” समोरचा वाचू लागे. वाचता वाचता त्याचा आवाज जिथे खाली जाई, तिथे बापूंचा पंजा टेबलावर पडे. “इथं थांबा. एवढं परत वाचा.”

ही सवय त्यांच्या जुन्या धंद्यातून आली होती. केबलच्या आधी त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हाच्या जड, लाकडी पेटीच्या टीव्हींचा बिघाड ते पाठ करून बसून ओळखत, म्हणजे टीव्ही चालू आणि बापूंचं तोंड भिंतीकडे. “चित्र मागाहून जातं,” ते सांगत, “आवाज आधी सांगतो.” आमचा लाइनमन सुनील त्यावरून त्यांची थट्टा करी. “बापू टीव्हीवाले खरे, पण त्यांना टीव्ही दिला काय नि रेडिओ दिला काय, सारखंच.” बापूही हसत आणि म्हणत, “तू बघत बस. खांबावर चढल्यावरही बघतच बसतोस, म्हणून तर लोकांचे फोन येतात.”

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो नोकरी मागायला. मी नामपूरचा. वडील कांद्याच्या मार्केटात मापाडी, आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाई. आमच्या घरात बी. कॉम. झालेला मी पहिलाच, त्यामुळे घरच्यांना वाटत होतं की आता नाशिकला नुसतं जायचा अवकाश. नाशिकला आल्यावर कळलं की बी. कॉम. झालेले तिथे पुष्कळ आहेत. बापूंनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि एका वाहिनी कंपनीचा चार पानी करार पुढे केला. मी इंग्रजी वाचायला लागलो. आमच्या शाळेतलं इंग्रजी! शब्दागणिक अडखळत होतो. दुसऱ्या ओळीलाच बापूंनी हात वर केला.

“कुठला तू?”

“नामपूरचा.”

“नामपूरना शे का? मग असा लांबून का बोलतोस?” ते स्वतः सटाण्याकडचे होते आणि मनातलं काही बोलायचं असलं की अहिराणीत घसरत. “इंग्रजी राहू दे बाजूला. काय शे ते सांग.”

मी पान मनात वाचलं आणि माझ्या भाषेत सांगितलं, की एक वाहिनी हवी असेल तर तिच्याबरोबर या सहा न मागितलेल्या वाहिन्याही घ्याव्या लागतील आणि मध्येच सोडता येणार नाहीत. बापूंनी डोळे उघडले. “हेच त्या कंपनीचा माणूस अर्धा तास गोड गोड बोलत होता,” ते म्हणाले. “उद्यापासून ये.”

पुढची चार वर्षं मी तक्रारींचे फोन घेतले आणि आलेले करार मोठ्यानं वाचले. ‘काय शे ते सांग’, म्हणजे काय आहे ते सांग, हा माझ्या कामाचा एकमेव नियम होता. मोठ्या कंपन्या वाहिन्या देतात, सेटटॉप बॉक्स देतात; घराघरात वायर नेणारा, दार वाजवणारा, पावसात गच्चीवर चढणारा माणूस आमच्यासारख्यांचा. या दोघांमध्ये घर नक्की कोणाचं, यावरच सगळ्या वाटाघाटी चालतात, हे मला तिथे समजलं. एमबीएच्या पुस्तकात पुढे तेच भेटलं, फक्त नावं मोठी होती.

बापूंचा कान चुकतही असे. एकदा सेटटॉप बॉक्स विकणारा एक तरुण आला. वाचताना त्याचा आवाज प्रत्येक ओळीला खाली. बापूंनी दहा वेळा पंजा आपटला आणि शेवटी त्याला चहा पाजून परत पाठवलं. महिन्याभरानं तो रस्त्यात भेटला तर चांगला खणखणीत बोलत होता. त्या दिवशी बिचाऱ्याचा घसा बसला होता. त्याचे बॉक्स दुसऱ्यांनी घेतले, ते उत्तम निघाले. बापूंनी सुनीलसमोर कबूल केलं, “चुकलं माझं.” त्यानंतर वाचायला बसणाऱ्याला ते आधी विचारत, “सर्दी वगैरे नाही ना?” लोकांना वाटे, किती मायाळू माणूस आहे.

इंदिरानगरच्या टोकाला रस्त्याचा बोगदा आहे; त्याच्या पलीकडचा भाग दुसरे केबलवाले इक्बालभाई यांचा. पूर्वी दोघांची माणसं एकमेकांच्या वायरी कापत. एकदा बापू सरळ इक्बालभाईंच्या घरी गेले आणि अर्धा तास त्यांच्या दिवाणखान्यात बसून आले. ठरलं ते एवढंच : बोगद्याच्या अलीकडे बापू, पलीकडे इक्बालभाई, आणि दुसऱ्याची वायर तुटलेली दिसली तर ज्याला दिसेल त्यानं जोडायची. इक्बालभाईंनी विचारलं, “बापू, कागद करायचा?” बापू म्हणाले, “तुमचा आवाज ऐकला की. कागदाला कुठं आवाज असतो?” हा करार मी तिथे असेपर्यंत आणि नंतरही कधी मोडला नाही. नाशिकमध्ये मी पाहिलेला हा सर्वांत पक्का करार, आणि तो कुठेच लिहिलेला नाही.

एमबीए करायचं बापूंनीच माझ्या डोक्यात घातलं. गंगापूर रोडच्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग असत. बापूंनी माझं काम सकाळी लवकर सुरू केलं आणि चार वाजले की स्वतः घड्याळाकडे बोट दाखवत. एखाद्या दिवशी फोन थांबत नसले तर माझ्या हातातला फोन घेऊन ग्राहकाला सांगत, “साहेब शाळेत गेले, आता माझ्याशी बोला.” पास झाल्यावर मला एका मोठ्या केबल आणि इंटरनेट कंपनीच्या गंगापूर रोडच्या ऑफिसात नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी एक पेढा खाल्ला, बाकीचा पुडा सुनीलकडे दिला आणि मला म्हणाले, “आता तिकडून वाचशील.”

ते बोलणं मला तेव्हा नुसतंच विनोदी वाटलं होतं. दोन वर्षांनी खरं झालं.

लोक मोबाईलवर मालिका बघायला लागले होते. केबल काढून टाकणारी घरं दर महिन्याला वाढत होती. टिकायचं तर फायबरचं इंटरनेट द्यायला हवं, आणि ते एकट्या बापूंना परवडणारं नव्हतं. आमच्या कंपनीला इंदिरानगर हवं होतं. दोघांनाही गरज होती, म्हणजे व्यवहार सरळ व्हायला हवा होता. आमच्या साहेबांनी इंग्रजी करार तयार केला आणि स्थानिक केबलवाल्यांना समजावं म्हणून मराठीत ‘सोपी माहिती’ लिहायचं काम माझ्याकडे दिलं. अकराव्या कलमाशी मी थांबलो. मूळ वाक्य असं होतं की सही केल्यावर बापूंची घरं फार काळ बापूंची राहिली नसती. साहेब म्हणाले, “योगेश, एवढं टोचेल असं लिहू नका. सेवा सुधारण्याबद्दल काहीतरी लिहा.” मी लिहिलं. ते वाक्य मीच लिहिलं, दुसऱ्या कोणी नाही.

शुक्रवारी दुपारी मी आणि साहेब बापूंच्या ऑफिसात गेलो. बापूंनी मला पाहिलं, साहेबांना खुर्ची दिली आणि कागद माझ्याच हातात ठेवला.

“सर्दी नाही ना रे?”

“नाही बापू.”

“मग वाच.”

दहा कलमं नीट गेली. अकरावं आलं. मला वाटत होतं की मी सारख्याच आवाजात वाचतोय. पंजा टेबलावर पडला.

“परत वाच.”

मी परत वाचलं. या वेळी जरा मोठ्यानं.

“आता मुद्दाम चढवलास,” बापू डोळे मिटूनच म्हणाले. दारात उभा असलेला सुनील हसला. साहेबही हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, आता बापू विचारतील, काय शे ते सांग. त्यांनी विचारलं नाही. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, “सही सोमवारी करू. आज चहा घ्या.”

गाडीत साहेब मला म्हणाले, “तुमचे जुने मालक आहेत, सही करतील. म्हणून तर हे काम तुम्हाला दिलं.” ते चांगल्याच मनानं बोलले असतील. पण मला त्या वाक्यानं कळलं की कंपनीनं बापूंसमोर कागद ठेवला नव्हता, मला ठेवलं होतं. आणि बापूंनी मला साहेबांसमोर उघडं पाडायचं टाळून दोन दिवस दिले होते.

फोन करता आला असता. पण फोनवर माझा आवाज पुन्हा उतरला असता. रविवारी सकाळी मी पत्र लिहिलं आणि इंदिरानगरला जाऊन सुनीलच्या हातात दिलं.

सोमवारी आम्ही पुन्हा गेलो. वाटेत मी साहेबांना सांगितलं की अकराव्या कलमाची माझी माहिती चुकीची होती आणि मी ती दुरुस्त करून बापूंना कळवली आहे. बापूंनी माझं पत्र काढलं नाही, त्याचा उल्लेखही केला नाही. इंग्रजी करार त्यांनी साहेबांपुढे सरकवला. “आज तुम्ही वाचा. नुसतं अकरावं.” साहेबांनी वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आवाज एकसारखा, स्वच्छ.

“वाचता छान,” बापू म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “काय शे ते सांग.”

मी सांगितलं, सगळ्यांसमोर. बापूंनी मान डोलावली. “साहेब, बाकी सगळं मान्य. हे एक काढा. घरांची यादी आमची राहील, घराशी बोलेल तो आमचा माणूस.”

साहेब म्हणाले, “कंपनीचं धोरण आहे, बापू. मला बदलता येत नाही.”

“तुमची फायबर जाणार कुठून? सगळ्या सोसायट्यांच्या गच्च्यांवरून. गच्चीची चावी लोक आमच्या सुनीलला देतात. वीस वर्षं देताहेत. बोगद्यापलीकडे इक्बालभाईंच्या माणसांना देतात. काल त्यांच्याकडे जाऊन आलो. तेही हेच म्हणतात.”

पंधरा दिवसांनी वरच्या ऑफिसातून ते कलम काढून करार आला. बापूंनी सही केली. सुनील आणि बाकीचे चौघे लाइनमन आजही त्याच घरांमध्ये जातात, आता फायबर जोडायला. मला साहेबांनी तक्रार विभागात बसवलं. मी नाराज आहे हे कळल्यावर बापूंचा फोन आला. “तक्रारीचे फोन घ्यायला तर मीच शिकवलं होतं तुला. मग रडतोस कशाला?”

त्याच फोनवर मी त्यांना म्हणालो, “बापू, पण तुमचा नियम चुकला. साहेबांचा आवाज कुठे उतरला?”

“नाहीच उतरणार,” ते म्हणाले. “ज्याचा उतरत नाही त्याच्याशी कागदावर बोलायचं. ज्याचा उतरतो त्याच्याशी तोंडी बोलता येतं. एवढंच बघायचं असतं रे. तुला काय वाटलं, मी चोर पकडत होतो?”

मागच्या हिवाळ्यात बापू गेले. त्या दिवशी सुनील आणि बाकीची माणसं अंत्ययात्रेत होती, तरी इंदिरानगरातल्या एकाही तक्रारीला उशीर झाला नाही. इक्बालभाईंची माणसं बोगदा ओलांडून अलीकडे आली होती आणि आमच्या वायरी जोडत होती.

दहाव्यानंतर सुनील माझ्याकडे आला. रिमोटला घालतात तसलं प्लास्टिकचं कव्हर त्यानं पुढे केलं. आत माझं पत्र होतं, रबर लावलेलं. “ड्रॉवरमध्ये होतं,” तो म्हणाला. “मी वाचलेलं नाही. कोणालाच वाचू द्यायचे नाहीत.” आता वाचायला हरकत नाही, असं मला वाटतं.

“ती. बापू यांस, सा. न.

शुक्रवारी तुम्ही मला दोनदा थांबवलं आणि तिसऱ्यांदा थांबवलं नाही. ते माझ्यासाठी होतं हे मला समजलं.

अकराव्या कलमाखाली मी लिहिलं आहे की सेवा सुधारण्यासाठी कंपनी ग्राहकांशी थेट संपर्क ठेवू शकेल. तो अर्थ नाही. अर्थ असा आहे. सही झाल्या दिवसापासून तुमच्या सगळ्या घरांची यादी कंपनीची होते. एका वर्षानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन कंपनी ती घरं स्वतः चालवू शकते. मग तुमचा, सुनीलचा, कोणाचाच त्या घरांशी संबंध राहत नाही. फायबर घ्या, त्याशिवाय धंदा टिकणार नाही. पण हे कलम काढल्याशिवाय सही करू नका.

गोड वाक्य मी लिहिलं. मला सांगितलं गेलं होतं, पण हात माझा होता. उद्या मी साहेबांना हे सांगणार आहे. नोकरीचं काय होईल ते होईल. घरी अजून काही कळवलेलं नाही.

तुम्ही कागद नेहमी दुसऱ्याकडून वाचून घेता. हे पत्र मात्र तुम्हीच वाचा. माझा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून मी हे लिहून झाल्यावर खोलीत एकटाच उभा राहून मोठ्यानं वाचून पाहिलं. दोनदा वाचलं. कुठेही उतरला नाही.

काय शे ते सांगितलं, बापू.

तुमचा,
योगेश”