दोन-चार चुका टाक

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पावर लाल अक्षरांत शेरा आला, की हे मशीनने लिहिलेलं आहे. शेरा देणारंही मशीनच. कॉलेजने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. फाइल टाकली की मिनिटभरात ते सांगायचं, लिहिणारा माणूस आहे की नाही. मी माणूस नव्हते.

विभागप्रमुखांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "बेटा, रिपोर्ट में आ गया है. अब हम क्या करें?"

"सर, मैंने खुद लिखा है."

"सब यही कहते हैं."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील एका शोरूमच्या दारावर गार्ड आहेत. आमचे पूर्वज मराठा फौजेबरोबर दक्षिणेतून इथे हिंदी मुलखात आले, आणि तेव्हापासून आम्ही कुणाच्या ना कुणाच्या दारावर उभेच आहोत. प्रकल्प नामंजूर झाला असता तर वर्ष गेलं असतं. पण खरं सांगते, वर्षापेक्षा मला तो कागद टोचला. त्यावर माझं नाव होतं, आणि 'चोर' हा शब्द तेवढा लिहायचा ठेवला होता.

विषय तर्कशास्त्राचा होता. एखादा प्रोग्राम कधीतरी थांबेल की कायम चालतच राहील, हे दर वेळी अचूक सांगणारा एकच प्रोग्राम बनवता येतो का? येत नाही, आणि ते सिद्ध करता येतं. असा जाणता प्रोग्राम आहे असं धरून चालायचं, त्याच्यापासून एक उलटखोपडीचा प्रोग्राम बनवायचा. तो थांबेल असं जाणत्याने सांगितलं की हा चालत राहतो, चालेल म्हटलं की हा थांबतो. मग उलट्याबद्दल जाणत्याला विचारायचं. तो काहीही म्हणाला तरी खोटा पडतो.

हे मी आधी आईला समजावलं होतं. ती नई सडकेवरच्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावते. शाळा आठवीपर्यंत. तिला सांगितल्याशिवाय माझा अभ्यास पक्का होत नाही, ही शाळेपासूनची सवय. उलट्या प्रोग्रामपाशी ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या काकांसारखा. चहा ठेवते म्हटलं की नको, आणि नाही ठेवला तर म्हणे विचारलं पण नाही." पुढे मी म्हटलं, "इथून पुढचं उघडच आहे."

"उघड आहे तर सांग की. मला तर नाही दिसत आहे."

तिला नाही दिसलं, म्हणून मी ते लिहून काढलं. तसं प्रत्येक पायरीला झालं. अमुक ओळीवरून तमुक, तमुक ओळीवरून ढमुक. शिकल्यासवरल्या घरांतली मुलं 'हे उघड आहे' लिहून मोकळी होतात, तसं चालतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. इंग्रजीही मी शिकले ती तीन पाठ्यपुस्तकांतून, त्यामुळे सगळी वाक्यं एकाच साच्यातली. सॉफ्टवेअरला हेच खटकलं. माणूस म्हणे इतकं सारखं, इतकं सविस्तर लिहीत नाही.

माझे मार्गदर्शक मराठीच, दरबारी कारभाऱ्यांच्या घराण्यातले. मी हरिशंकरपुरमला त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, प्रेमाने बोलले, हे नाकारत नाही.

"अगं, टेन्शन नको घेऊ. मला माहीत आहे तू लिहिलंय. असं कर, दोन-चार चुका टाक. मधल्या पायऱ्या उडव. मशीन पास करून टाकेल."

"बरोबर लिहिलेलं बिघडवू?"

"प्रॅक्टिकल हो जरा."

"सर, तुमच्या मुलीला सांगितलं असतं हे?"

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे, तोंडी परीक्षा मागून घे. पण तिथे अशी जीभ चालवू नकोस."

परीक्षेला मी तासभर फळ्यासमोर उभी होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मधली कुठलीही ओळ विचारावी, मी तिचं कारण सांगावं. माझी तक्रार याचीच आहे. मला प्रत्येक ओळीचं कारण विचारलं. ज्या सॉफ्टवेअरने मला खोटं ठरवलं त्याला कुणी एकही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याच्याकडे नव्हतं. कारण देणारीवर संशय आणि न देणाऱ्यावर श्रद्धा, आणि तेही गणित विभागात.

शेवटी परीक्षक खुशीत म्हणाले, "तो सिद्ध हो गया न, आदमी मशीन से ऊपर है?"

विभागप्रमुख मान डोलवत होते. हो म्हणायची मला त्या दिवशी जेवढी इच्छा होती तेवढी कधीच नव्हती.

"नहीं, सर. इतना ही सिद्ध हुआ कि ऐसा प्रोग्राम नहीं बन सकता. आदमी हर बार बता पाएगा, ये कहाँ सिद्ध हुआ?"

परीक्षकांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि सही केली.

बाहेर माझे मार्गदर्शक म्हणाले, "झालं ना सगळं? आता पेढे आण."

"तो कागद अजून फाइलमध्ये आहे."

"राहू दे गं, कोण बघतं?"

"मी बघते."

मी विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी जेवून यायला सांगितलं, मी भूक नाही म्हटलं. ते जेवून आले, मी तिथेच. अखेर त्यांनी फाइल मागवली आणि लाल शेऱ्याखाली लिहिलं, 'छात्रा ने स्पष्टीकरण दिया.'

"स्पष्टीकरण नहीं, सर. आरोप गलत था, ये लिखिए."

"एक ही बात है."

"फिर लिखने में क्या हर्ज है?"

त्यांनी पेन आपटलं. मग ते उचलून आधीची ओळ खोडली आणि 'आरोप गलत पाया गया' असं लिहून सही केली. मी कागद फिरवून वाचला आणि परत त्यांच्याकडे सरकवला. तारीख राहिली होती.